आधी कोण बोलणार

नवा लॅपटॉप आला की मी आधी गिट बसवते, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम. जुनं काम उतरवून घेते, कुठेतरी एखादी फुटकळ दुरुस्ती करते आणि पहिला कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, करायला जाते. दरवेळी गाडी तिथेच अडते. पडद्यावर तीन चांदण्या उमटतात आणि त्यांच्यापुढे एक वाक्य येतं. असतं इंग्रजीत, पण अर्थ सरळ आहे: कृपया तुम्ही कोण ते सांगा. खाली दोन आज्ञा लिहून दिलेल्या असतात, एक ईमेलची आणि एक नावाची. त्या दिल्या की गिटचं समाधान होतं. नाव खरं आहे का, हे ते तपासत नाही. अनुभव किती, शिक्षण कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

माणसांच्या गटात शिरताना इतक्यावर भागत नाही.

गेली सहा वर्षं मी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाच्या चॅटवर आहे. तिथे ‘ओळख’ नावाची एक खोली आहे. नवीन आलेला प्रोग्रामर आधी तिथे चार ओळी लिहितो आणि मग आत जातो. त्या खोलीकडे लक्ष ठेवायचं काम मला कुणी सोपवलेलं नाही. सवय लागत गेली, आणि आता सकाळी स्वतःचं काम उघडण्याआधी मी रात्रीतून कोण कोण आलं ते वाचते. इतक्या वर्षांत शेकड्यांनी ओळखी वाचल्या असतील.

त्यातल्या कितीतरी माफीने सुरू होतात. “चुकीच्या ठिकाणी लिहीत असेन तर माफ करा.” “प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो.” “मला अजून फारसं काही येत नाही.” अजून काही विचारलेलं नसतं, कुणाचा वेळ घेतलेला नसतो, तरी क्षमा आधीच मागून मोकळे. सुरुवातीला मला हा विनय वाटायचा. आता तसं वाटत नाही. ही माणसं कुठेतरी पोळून आलेली असतात, नाहीतर दुसऱ्या कुणाला पोळताना त्यांनी पाहिलेलं असतं.

मी स्वतः पोळले आहे, म्हणून हे ओळखता येतं. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका गटात मी पहिला प्रश्न विचारला होता. तो लिहायला एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. काय करून पाहिलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, सगळं क्रमाने मांडलं होतं. चार मिनिटांत उत्तर आलं. डॉक्युमेंटेशनची एक लिंक आणि त्यापुढे तीन शब्द: हे वाचलंस का? वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं, आणि त्यातल्याच एका परिच्छेदावर माझा प्रश्न होता. पण ते परत सांगायचा धीर झाला नाही. खिडकी बंद केली आणि पुढचे चार महिने त्या गटात फक्त वाचत राहिले. ज्याने ते उत्तर दिलं तो वाईट माणूस नव्हता. नंतर त्याच्याकडून मी पुष्कळ शिकले. त्याला ते तीन शब्द आठवतही नसतील.

या भीतीला जुना इतिहास आहे. इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधी यूजनेट नावाचं चर्चागटांचं जाळं होतं, आणि त्यावर मुख्यतः विद्यापीठांतले लोक असायचे. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी यायचे, तेच तेच प्रश्न विचारायचे, जुने लोक वैतागायचे, आणि काही आठवड्यांत नवे लोक रीतीभाती शिकून स्थिरावायचे. पुढे मोठ्या व्यावसायिक कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि नव्यांचा लोंढा थांबेनासा झाला. तेव्हापासून जुने लोक म्हणत आले की १९९३ सालचा सप्टेंबर अजून संपलेलाच नाही. ही गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी ती आत बसलेल्याच्या बाजूनेच सांगितली जाते. त्या सप्टेंबरात पहिल्यांदा आलेल्या एखाद्या मुलीला ती रात्र कशी गेली, हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

इंटरनेटचे नियम-संकेत ज्या क्रमांक दिलेल्या टिपणांतून निघतात त्यांना आरएफसी म्हणतात; १९९५ सालच्या ऑक्टोबरात त्यातला आरएफसी १८५५ निघाला. नेटवर कसं वागावं याचे संकेत त्यात लिहिलेले आहेत. त्यातला एक सल्ला असा: कुठल्याही गटात काहीही लिहिण्याआधी एक ते दोन महिने नुसतं वाचा, म्हणजे तिथली संस्कृती कळेल. सल्ला वाईट नाही, मी स्वतः तो पाळते. पण दोन महिने गप्प बसून वाचणारा माणूस रीतीभातींच्या जोडीला आणखीही एक गोष्ट शिकतो. कोणत्या प्रश्नावर लोक तुटून पडतात हे त्याला पाठ होतं. मग तो लिहायला बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात आपला प्रश्न कमी आणि येणारं उत्तर जास्त असतं.

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ साली सुरू झालं. तिथे प्रश्नाच्या सुरुवातीला ‘हाय’ आणि शेवटी ‘धन्यवाद’ लिहिलं, तर कुणीतरी येऊन ते काढून टाकतं. त्यामागचा विचार मला पटतो. तिथला प्रश्न विचारणाऱ्यापुरता नसतो. तीन वर्षांनी त्याच अडचणीत सापडून शोधत आलेल्या अनोळखी माणसासाठीही तो असतो, आणि त्याला दुसऱ्याच्या नमस्काराचं काही काम नसतं. पण पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार? त्याला एवढंच दिसतं की आपण नमस्कार केला आणि कुणीतरी तो खोडला. २०१८च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहिलं की आपली जागा फार जणांना, विशेषतः नवख्यांना, तुसडी वाटते आणि हे बदलायला हवं. त्याच वर्षी नव्याने लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी ‘हा नवीन आहे’ अशी खूण दिसू लागली. छोटी गोष्ट आहे. पण ती खूण नव्याने काय करावं हे सांगत नाही. जुन्याने जरा सांभाळून घ्यावं, एवढं ती सांगते. म्हणून मला ती फार आवडते.

नव्या माणसाच्या मनात एक चित्र असतं: आत मोठे जाणकार बसलेत, त्यांना सगळं येतं, आणि मी त्यांच्यापुढे उभा आहे. असं कुणी लिहिलं की मला स्टीव्ह क्रॉकर आठवतात. १९६९ साली ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होते. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने चार ठिकाणचे संगणक जोडायचे ठरले होते आणि ते एकमेकांशी कसे बोलणार हे ठरवायला या चार ठिकाणची तरुण पोरं एकत्र बसत होती. त्यांची खात्री होती की हे काम खरं आपलं नाही. आज ना उद्या कुणीतरी अधिकृत, जाणती मंडळी येतील आणि सूत्रं हातात घेतील. आपल्या टिपणांनी त्या मंडळींचा अपमान तर होणार नाही ना, अशी धास्ती क्रॉकरांना होती. मित्रांकडे उतरले होते, सगळे झोपले होते, कुणाची झोप मोडू नये म्हणून ते रात्री बाथरूममध्ये बसून लिहीत राहिले. टिपणांना नावही नरम दिलं: अभिप्रायासाठी विनंती, इंग्रजीत रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजेच आरएफसी. ७ एप्रिल १९६९ या तारखेचा तो आरएफसी १. इंटरनेटचे नियम आजही त्याच नावाने निघतात.

ती जाणती मंडळी कधी आलीच नाहीत. जी पोरं घाबरत लिहीत होती त्यांनीच पुढचं सगळं घडवलं.

ही गोष्ट मी नव्या माणसांना आवर्जून सांगते. ‘तूही मोठा होशील’ असं त्यातून सुचवायचं नसतं. सांगायचं इतकंच असतं की आतल्या ज्या माणसाला तुम्ही घाबरताय तो बऱ्याचदा तिथे नसतोच. आमच्या प्रकल्पात आठ जण नेमाने काम करतात आणि आठही जणांना बिल्ड स्क्रिप्टचा, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या आज्ञांचा, एक भाग धड कळत नाही. तो ज्याने लिहिला तो केव्हाच दुसरीकडे गेला.

ओळखीत काय लिहावं, असं मला कुणी विचारलं तर मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं पत्र दाखवते. २५ ऑगस्ट १९९१, वय २१, हेलसिंकीत शिकत होते. मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या गटात त्यांनी लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून, फार मोठी वगैरे होणार नाही. लोकांच्या लक्षात हे वाक्य राहिलंय, कारण पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातल्या दुसऱ्या दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. एक, त्यांनी सरळ विचारलंय की मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही. दोन, ही सिस्टिम एटी प्रकारच्या हार्डडिस्कशिवाय दुसरं काही चालवेल असं वाटत नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे, असं त्यांनी लिहिलंय. ‘माझ्याकडे तेवढंच आहे’ या तीन शब्दांत त्या मुलाची अख्खी खोली दिसते. आणि वाचणाऱ्याला बोलणं अडकवायला एक खुंटी मिळते. ज्याच्याकडे दुसरी डिस्क आहे तो लगेच म्हणू शकतो, थांब, मी माझ्याकडे चालवून बघतो.

ओळखीत अशी एक खुंटी असली की पुरे. बाकी नमनाला घडाभर तेल कुणी वाचत नाही. अडचण अशी की खुंटी असते, पण लिहिणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला ती आपली नामुष्की वाटते, म्हणून तो ती शेवटच्या ओळीत दडवतो.

दोन वर्षांपूर्वीची एक ओळख माझ्याजवळ जपून ठेवलेली आहे. तिने लिहिलं होतं: “नमस्कार. सहा महिने पायथन शिकतेय. अजून फार काही येत नाही. फोटोंची नावं क्रमाने लावणारी एक छोटी स्क्रिप्ट केली. चालते, पण फोटो १० हा फोटो २च्या आधी का येतो ते कळलं नाही. असो. तुमच्याकडून शिकायला आवडेल.” खाली हात हलवणाऱ्या इमोजींची रांग लागली होती. सात-आठ जणांनी ‘स्वागत आहे’ लिहिलं होतं. त्या १० आणि २बद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. ‘असो’ने सगळ्यांना पुढे ढकललं होतं.

न्यू यॉर्कमध्ये रिकर्स सेंटर नावाची प्रोग्रामरांची एक जागा आहे. तिथे वागण्याचे मोजके नियम आहेत आणि त्यातला एक म्हणजे खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. कुणी ‘मला हे माहीत नाही’ म्हटलं की ‘काय सांगतेस, हे माहीत नाही?’ असं म्हणायचं नाही. हा नियम मी मनावर कोरून ठेवला आहे, कारण त्या आश्चर्याने समोरच्याला काही मिळत नाही. मी तिला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, संगणक ही नावं आकडे म्हणून वाचत असेल की अक्षरं म्हणून?” चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. “अक्षरं! आधी नुसता १ बघतो आणि तो २च्या आधी येतो, पुढे ० आहे की नाही ते तो बघतच नाही!” शेवटी उद्गारचिन्हं तीन होती. अक्षरांचे आकडे करून लावायला ती त्याच दिवशी शिकली.

आठवड्याभराने तिचा खाजगी निरोप आला. पुन्हा माफीने सुरुवात. “माझंच चुकत असेल, पण आपल्या प्रकल्पाच्या पानावर आवृत्त्यांची यादी आहे ना, तिच्यात १.१० ही १.९च्या खाली आहे. सगळ्यात नवीन सगळ्यात वर असायला हवी ना?” मी पान उघडलं. खरंच. १.९ सगळ्यात वर बसली होती आणि नुकतीच निघालेली १.१० पार खाली, १.१च्या जरा वर. यादी लावणारा कोड आवृत्त्यांना अक्षरं समजत होता. आठही जण ते पान रोज बघत होतो. नवीन आवृत्ती कुठे शोधायची हे डोळ्यांना पाठ झालं होतं, त्यामुळे चूक दिसायचीच बंद झाली होती. दुरुस्ती तिनेच केली, तीन ओळींची. तो तिचा पहिला कमिट. त्याआधी तिलाही गिटने विचारलं असणार की कृपया तुम्ही कोण ते सांगा.

‘इन्स्टॉल कसं करायचं’ हे पान फक्त नवीन माणूस वाचतो. आम्ही ते लिहितो, पण आमच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं, त्यामुळे त्यातली चौथी पायरी कधी मोडली हे आम्हाला कळायला मार्गच नसतो. जो येऊन म्हणतो की ‘माझं काहीतरी चुकतंय, चौथ्या पायरीवर अडलोय’, तो आमच्यासाठी काम करत असतो आणि वर माफीही मागत असतो.

या सगळ्याचा क्रम उलटा आहे, हे मला एका वेगळ्याच ठिकाणी उमगलं. दोन मेल सर्व्हरांची ओळख कशी होते ते मी एकदा हाताने करून पाहिलं होतं. टेलनेट या साध्या प्रोग्रामने समोरच्या सर्व्हरच्या पोर्ट २५ला, म्हणजे पत्रांसाठी ठरलेल्या दाराला, जोडायचं आणि गप्प बसायचं. आपण काही टाइप करायचं नाही. आधी समोरचा बोलतो: २२०, त्यापुढे त्याचं नाव. म्हणजे मी अमुक, तयार आहे, बोला. मग आपण ‘हेलो’ म्हणायचं, एकाच ‘एल’चं, कारण आज्ञा चार अक्षरांच्या ठरलेल्या आहेत, आणि त्यापुढे आपलं नाव द्यायचं. तो २५० म्हणतो, म्हणजे ठीक. मग पत्राचं काम सुरू. जॉन पोस्टेल यांनी १९८२च्या ऑगस्टमध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१मध्ये हा संवाद आहे आणि आजही पत्रं मुळात याच रीतीने पोचतात. २२० येण्याआधीच जो बोलायला लागतो तो बहुधा स्पॅमवाला, असं धरून त्याला बाहेर ठेवणारे सर्व्हरही आहेत.

म्हणजे ज्याचं दार आहे त्याने आधी बोलायचं. आपलं नाव सांगायचं, मी ऐकतोय म्हणायचं, आणि मगच बाहेरच्याने तोंड उघडायचं. आम्ही ‘ओळख’ खोलीत नेमकं उलट करत होतो. नवीन माणसाला रिकाम्या खोलीत उभं करून म्हणत होतो, बोल. तो बोलेपर्यंत आमच्यातलं कुणी हूं की चूं करत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी लिहिते. कुणी आल्याचं दिसलं की त्याने काही टाइप करण्याआधी माझी ओळख तिथे असते. “नमस्कार. मी इथल्या टेस्ट्सचं बघते. आज सकाळपासून एक टेस्ट माझ्या मशीनवर पास होतेय आणि सर्व्हरवर फेल, कारण सापडलेलं नाही. तुम्ही सध्या कशावर अडलाय?” दर वेळी त्या दिवशीची खरी अडचण लिहायची, कालची चालत नाही. मधे आम्ही हे काम एका बॉटला देऊन पाहिलं. त्याचा नमस्कार बिनचूक असायचा आणि त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. नाव, अनुभवाची वर्षं, आवडती भाषा अशी प्रश्नावलीही लावून पाहिली. अनुभवाच्या वर्षांचा प्रश्न मी हट्टाने काढायला लावला. त्याने ओळख होत नाही, उतरंड लागते.

हल्ली आणखी एक गोष्ट दिसते. ओळखी फार गुळगुळीत यायला लागल्यात. शुद्धलेखन चोख, वाक्यं घोटीव, ‘तंत्रज्ञानाची मनापासून आवड’ ठरलेल्या जागी. लिहून घेतलेल्या आहेत हे कळतं. काही सहकारी त्यावर चिडतात. मला चिडता येत नाही. ज्याला आपल्या भाषेची लाज वाटते, आपण कच्चे दिसू ही धास्ती वाटते, तो दुसऱ्याचा सदरा घालून येणारच. मी नेहमीसारखं विचारते, सध्या कशावर अडलाय? दुसरं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या हातचं येतं. वाक्य अर्धवट तुटलेलं, एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि त्यात खुंटी असते. ते वाचताना मला खरंच बरं वाटतं.

एक ओळख मात्र माझ्या हातून निसटली.

मोठी आवृत्ती निघायची रात्र होती. सगळ्या खोल्या एररच्या लांबलचक नोंदींनी भरल्या होत्या, ‘ओळख’सुद्धा, कारण घाईत लोक जिथे दिसेल तिथे लिहीत होते. त्यात मध्येच तीन वाक्यं होती. “नमस्कार, मी इथे नवीन. रात्रपाळी करतो, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होईल. पण तुम्ही काही लिहिलंत तर वाचेन नक्की.” वर चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस, खाली चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस. मला ती तीन आठवड्यांनी दिसली, दुसरंच काहीतरी शोधताना. कुणी उत्तर दिलं नव्हतं, साधा हात हलवणारा इमोजीही नव्हता. त्यात माफी कुठेच नव्हती. आपल्याला उशीर होईल, एवढंच त्या माणसाने कळवलं होतं.

मी लगेच लिहिलं. माझं नाव लिहिलं, त्या दिवशी मी कशावर अडले होते ते लिहिलं, उशिराबद्दल क्षमा मागितली. मग विचारलं की रात्रपाळीत मोकळा वेळ मिळतो तेव्हा कशावर काम करता. सदस्यांच्या यादीत ते नाव अजून आहे, शेजारचा ठिपका राखाडी. रात्री उशिरापर्यंत जागी असले की मी एकदा तिथे डोकावते.